रमाबाईंचे एक पत्र

आमच्या कर्वेनगराला जुनी माणसे अजून हिंगणेच म्हणतात. दिवाळीला पाहुणे आले की फराळ आटोपल्यावर त्यांना संस्थेच्या आवारात फिरवून आणायचे, अण्णासाहेब कर्व्यांची झोपडी दाखवायची, 1900 साली इथे नुसता माळ होता आणि फर्ग्युसनमधले गणिताचे तास आटोपून अण्णा पुण्याहून पायी इथवर येत असत हे सांगायचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. मागल्या दिवाळीत आमचे व्याही आले होते. निवृत्त शिक्षक, वाचन चांगले, बोलणे रोखठोक. झोपडीपाशी उभे राहून मी त्यांना सांगितले की, अण्णांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. तेव्हा या झोपडीची एक मेढ त्या सदनातून आली आहे, असे म्हणायला हरकत नाही. व्याही क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाई विदुषी खऱ्या. पण शेवटी ख्रिस्ती झाल्या. म्हणजे सरकारच्याच बाजूच्या."

मी त्या वेळी काही बोललो नाही. एक तर व्याह्यांशी वाद घालू नये, आणि दिवाळीत तर मुळीच घालू नये. परंतु त्यांच्या वाक्यातला तो 'म्हणजे' मला वर्षभर टोचत राहिला. हा 'म्हणजे' त्यांचा एकट्याचा नाही. आपल्या वाङ्मयाने तो शंभर वर्षे जपला आहे. ज्यांनी रमाबाईंवर टीका केली त्यांनी तो उघड वापरला, आणि ज्यांनी त्यांचा गौरव केला त्यांनीही तो गुपचूप मान्य करून त्यांच्या धर्मांतरावर पांघरूण घातले. या लेखात त्या एका शब्दाचीच तपासणी करायची आहे. आणि तपासणीला घ्यायचे आहे रमाबाईंचे 1897 सालचे एक पत्र.

ते पत्र कोणत्या हवेत लिहिले गेले हे आधी पाहू. 1896 सालच्या अखेरीस मुंबईत प्लेग फैलावला आणि नव्या वर्षाच्या आरंभी तो पुण्यात आला. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. चार कलमांचा हा एवढासा कायदा. पण त्यात दोन गोष्टी अशा होत्या की, त्यांपुढे मोठमोठ्या संहिता फिक्या पडाव्यात. पहिली ही की, सरकारला वाटेल ती विशेष उपाययोजना करता यावी आणि ती न मानणारा गुन्हेगार ठरावा. दुसरी ही की, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालू नये. एका हाताने अधिकार दिला आणि दुसऱ्या हाताने जाब विचारण्याचा दरवाजा लावून घेतला! पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून रँडसाहेब आले, आणि मार्चपासून सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली असा भेद राहिला नाही. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत, सामान जाळीत, बायकांची तपासणी परके पुरुष चारचौघांत करीत. याच मार्च महिन्याच्या दहा तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्याची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. साथ खरी होती, भयंकर होती, आणि काही तरी बंदोबस्त करणे भाग होते, हे विसरून या प्रकरणाचा विचार करणे अन्यायाचे होईल.

या धामधुमीत रमाबाई काय करीत होत्या? त्या वेळी त्या एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. (कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा आणि रमाबाईंचा 23 एप्रिल 1858 चा, पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे. पण आमच्या भागात एकाच्या नावाचे नगर आहे आणि दुसरीचे नाव पाहुण्यांना आठवण करून द्यावे लागते, हे जाता जाता नमूद करतो.) मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. तिथे जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या होत्या. प्लेगच्या नियमांपायी त्यांना पुण्याच्या आवारात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा बाईंनी त्या केडगावच्या जमिनीवर हलवल्या. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. इथे त्यांनी सरकारचा नियम मोडला नाही, हे ध्यानात घ्यावे. गर्दी कमी ठेवावी, साथ पसरू देऊ नये, हा नियम रास्त होता आणि तो त्यांनी पाळला.

पण त्यांच्या पुण्याच्या संस्थेतल्या मुलींनाही प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत नेण्यात आले होते. तिथल्या बायकांची व्यवस्था कशी आहे, तरुण मुली कोणाच्या पहाऱ्यात असतात, त्यांची अब्रू कोणाच्या हवाली असते, हे रमाबाईंना ऐकीव बातमीने कळलेले नव्हते. मे 1897 मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांनी पत्र लिहिले. स्वतःच्या नावाने लिहिले. इस्पितळातल्या आणि छावणीतल्या गैरव्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवले, आणि आपल्याच एका मुलीवर तिथे काय ओढवले ते उघड केले. त्या काळी कुलीन बाईने, त्यातून तरुण मुलींचा आश्रम चालवणाऱ्या बाईने, अशी गोष्ट छापील कागदावर मांडणे म्हणजे काय याची कल्पना आज येणे कठीण. "तुमच्याच संस्थेतली मुलगी ना?" असे विचारायला अवघे पुणे टपलेले होते. संस्थेची अब्रू राखायची तर गप्प बसणे सोयीचे होते. बाई गप्प बसल्या नाहीत.

पत्राचा गवगवा विलायतेपर्यंत झाला. पार्लमेंटात प्रश्न निघाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी बाईंचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले.

आता याच महिन्यांतले दुसरे प्रसंग शेजारी ठेवून पाहू. टिळकांनी 'केसरी'त सरकारच्या जुलमावर कोरडे ओढले. पुढे सप्टेंबरात त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती तारीख पुढे एका चांगल्या मराठी चित्रपटाचे नाव झाली. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी वर्तमानपत्रात विधान केले. परत आल्यावर ते सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागण्यातही मोठेपणा होता, आणि त्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून काय काय ऐकून घ्यावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे.

हे तिन्ही प्रसंग शाळेच्या पुस्तकातून आपल्याला भेटलेले असतात. अग्रलेख, पिस्तूल आणि माफी! चौथे जे पत्र, त्याला त्यांच्या पंगतीत पान मांडलेले मी कधी पाहिले नाही. आणि गंमत अशी की, केवळ पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर चौघांत सर्वांत भक्कम जागेवर उभी होती ती हीच बाई. गोखल्यांजवळ दुसऱ्यांची पत्रे होती. रमाबाईंजवळ आपल्या घरची मुलगी होती.

मग हे पत्र आपल्या वाङ्मयाच्या आठवणीतून गळले कसे? याचे उत्तर रमाबाईंच्या चरित्रकारांकडे आणि टीकाकारांकडे मागावे लागते.

मिशनच्या गोटात लिहिलेली चरित्रे घ्या. त्यांत रमाबाई ही संत आहे. दुष्काळातली लेकरे, प्रार्थना, विहिरी, 1905 सालचे धार्मिक चैतन्य, हे सारे तिथे प्रेमाने येते. पण सरकारशी बाईंचा खटका उडाला ही गोष्ट तिथे बसत नाही, कारण अनेक गोऱ्या धर्मोपदेशकांना इंग्रजांचे राज्य हेच ईश्वरी योजनेचे अंग वाटत असे. संताने कलेक्टरविरुद्ध कशाला लिहावे?

सुधारकांच्या बाजूने लिहिलेले पाहावे तर तिथे दुसरीच कातर चाललेली दिसते. 1882 ची पुण्यातली आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति', हंटर कमिशनपुढची साक्ष, अमेरिकेचा प्रवास, 1889 साली मुंबईत शारदा सदन, ते पुण्याला हलवणे, इथपर्यंत लेखणी उत्साहाने धावते. मग 1893 साल येते. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून काहूर उठले, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि त्या राजीनाम्यांबरोबर आपल्या लेखकांनीही राजीनामे दिले म्हणा ना! तिथून पुढची एकोणतीस वर्षे दोन परिच्छेदांत उरकली जातात. 1897 चे पत्र त्या न लिहिलेल्या भागात पडले.

देवदत्त नारायण टिळकांनी 1960 साली रमाबाईंचे चरित्र लिहिले आणि त्यांना 'महाराष्ट्राची तेजस्विनी' म्हटले. स्वतः मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या लेखकाने पहिला शब्द 'महाराष्ट्राची' हा घालावा, यात एक शांत तक्रार आहे. ही आमची एकट्यांची नव्हे, तुमचीही आहे, असे ते नाव म्हणते. त्यानंतर 1977 साली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांनी संपादित केलेला बाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार छापला, आणि त्याने रमाबाईंविषयी विचार करण्याची रीतच बदलली. उमा चक्रवर्ती यांचा 1998 चा ग्रंथ आणि मीरा कोसंबी यांचे संकलन व लेखन हे या वाटेवरचे पुढचे टप्पे. पण हे सारे इंग्रजीत. मराठी घरात दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसापर्यंत त्यातले फार थोडे झिरपले आहे.

शहांनी छापलेल्या त्या पत्रव्यवहाराकडे थोडे थांबून पाहणे जरूर आहे, कारण माझ्या मते 1897 च्या पत्राची किल्ली तिथे आहे. 1883 च्या सप्टेंबरात वाँटेज येथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नव्याने धर्मांतर केलेली, पैशाने परावलंबी, परक्या देशातली पंचविशीतली विधवा. तिने गुरुजनांचे ऐकावे अशीच सर्वांची अपेक्षा होती. पण पत्रांतून जी बाई भेटते ती ऐकणारी नाही, विचारणारी आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांना तिने शिकवावे असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवल्यास हिंदुस्थानात तिचे वजन कमी होईल! यावर रमाबाईंचे उत्तर मोठे मजेदार आहे. आपल्या वडिलांनी आईला तरुणांना शिकवू दिले, नवऱ्यानेही आपल्याला कधी अडवले नाही. मग जे त्या हिंदू पुरुषांना खटकले नाही ते विलायतेतल्या सुधारलेल्या माणसांना का खटकावे, असा त्यांचा रोख आहे. अंगावर घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद त्यांनी घातला. धर्मगुरूचा शब्द म्हणजे देवाचा शब्द हे त्यांना कधीच पटले नाही. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान देण्यासाठी आपण इतकी यातायात केलेली नाही, असा त्या साऱ्या पत्रव्यवहाराचा सूर आहे.

आपल्याकडचे टीकाकार इथे एक चूक करतात. ते म्हणतात, बाईंचा हा स्वतंत्र बाणा त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्या विरुद्ध होता. मुळातली शास्त्र्याची मुलगी आतून बंड करीत होती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरातले वळण नाकारता येणार नाही. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्या माणसाने विद्वानांचा रोष पत्करला होता. पण बाईंची स्वतःची समजूत वेगळी होती. प्रत्येक जीव देवापुढे एकटा उभा राहतो आणि एकटाच जाब देतो. मध्ये भटजी नाही, बिशप नाही, नवरा नाही. ही गोष्ट त्यांना ज्या रूपात सापडली ते रूप ख्रिस्ती होते. ते पटो न पटो, बाईंचा तो अनुभव होता, आणि चरित्रकाराला तो बदलून घेण्याचा अधिकार नाही. बिशपाला विरोध करणारी रमाबाई जशी ख्रिस्ती म्हणून विरोध करते, तशीच प्लेगच्या छावणीविरुद्ध लिहिणारी रमाबाईही ख्रिस्ती म्हणूनच लिहिते. मध्यस्थांच्या त्या यादीत आता मॅजिस्ट्रेटाची भर पडलेली असते, इतकेच.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नावर दोन आवाज आहेत. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले, कारण सत्ता देवाने नेमलेली. उलट, प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला उपदेश बंद करण्याचा हुकूम होतो, तेव्हा माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे असे सांगून तो हुकूम झुगारतो. ज्याला जो आवाज सोयीचा तो त्याने घ्यावा, असे जगभर चालत आले आहे. सत्ताधारी पौलाचा दाखला देतात, तुरुंगात बसलेले पेत्राचा. रमाबाईंच्या 1897 च्या वागण्यात मला विशेष वाटते ते हे की, त्यांनी दोघांचेही ऐकले. साथ आवरण्यासाठी केलेल्या नियमाला त्यांनी मान दिला आणि दुष्काळातल्या मुली केडगावला नेल्या. पण त्याच नियमाच्या आडोशाने जे चालले होते त्यापुढे मान तुकवली नाही. नियम कोणाच्या जिवाचे रक्षण करतो आहे आणि कोणाच्या दुष्कृत्याचे, एवढा एकच निकष त्यांनी लावला, असे त्यांच्या कृतीवरून म्हणता येते.

कोणी म्हणेल, हा काही कायदेभंग नव्हे. बरोबर आहे. बाईंनी कोणतेही कलम मोडले नाही, त्या तुरुंगात गेल्या नाहीत. ज्या अर्थाने पुढे मीठ उचलणे हा कायदेभंग झाला त्या अर्थाने हे पत्र कायदेभंग नाही, आणि त्याला तसे म्हणवून घेऊन बाईंना गांधींच्या पूर्वसुरी ठरवण्याची मला हौस नाही. पण 1897 च्या कायद्याचे खरे सामर्थ्य कलमांत नव्हते. जाब न विचारण्यात होते. जिथे कोर्टात जाण्याची वाट बुजवलेली आहे तिथे नाव घालून, गाव घालून, वर्तमानपत्रात जाब विचारणे ही त्या कायद्याच्या मर्मावरच घातलेली बोटे होती.

याच ठिकाणी रमाबाईंचे लेखक म्हणून सामर्थ्य दिसते, असे मला वाटते. 1889 साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले. ते आजही वाचावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे मराठी गद्य इतके मोकळे, इतके चौकस असू शकते याचे नवल वाटते. त्यात इंग्रजांचे जोखड फेकून देणाऱ्या अमेरिकन लोकांविषयी आदर आहे, आणि त्याच लोकांनी तांबड्या इंडियनांना आणि काळ्या माणसांना कसे वागवले याविषयी स्पष्ट नापसंतीही आहे. ज्यांच्या पैशावर आपली संस्था उभी राहायची त्यांचेच दोष त्यांनी आपल्या भाषेत लिहून ठेवले. त्याच वर्षी मुंबईला काँग्रेस भरली तेव्हा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या बायकांत त्या होत्या. तेव्हा 1897 चे पत्र हा क्षणिक संताप नव्हता. त्याची पूर्वतयारी तिच्या गद्यात झालेली होती.

मात्र इथवर आल्यावर हात जोडून थांबणे टीकेच्या धर्माला सोडून होईल. रमाबाईंच्या बाबतीत दोन प्रश्न माझ्या मनात आहेत आणि ते सहज सुटत नाहीत.

पहिला केडगावचा. ज्या बाईंनी बिशपांना मान दिली नाही, त्यांच्याच छत्राखाली दुष्काळातून आणलेल्या शेकडो अजाण मुली वाढल्या. त्या मुलींना धर्माच्या बाबतीत निवड कितपत होती? उपाशी पोराला भाकरी देणाऱ्या हाताची प्रार्थना ते पोर नाकारील कसे? शारदा सदन काढताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. मुक्ती मिशनने तसे वचन दिले नाही आणि लपवाछपवीही केली नाही, एवढे खरे. तरीही विवेकाचे जे स्वातंत्र्य बाईंनी स्वतःसाठी प्राणपणाने मागितले ते त्यांच्या मुलींना त्याच मापाने मिळाले असे मी म्हणू शकत नाही. रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले यात सारा कर्मठपणाच होता असेही म्हणवत नाही. दिलेल्या शब्दाचा प्रश्न त्यात होता. मात्र जोतीराव फुल्यांना बाईंच्या धर्मांतरामागची वेदना 1885 सालीच 'सत्सार'मध्ये दिसली होती आणि आमच्या पांढरपेशा लेखकांना ती पुढे कित्येक वर्षे दिसली नाही, हेही लिहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न 1919 सालचा. त्या वर्षी सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. आमच्या व्याह्यांनी हे ऐकले असते तर टाळी दिली असती. ज्या सरकारने बाईंना खोटे ठरवले त्याच सरकारचे पदक, आणि तेही जालियनवाला बागेच्या वर्षी! मला हे खुपते. परंतु एक गोष्ट ध्यानात येते की, पदक अनाथ मुलींच्या सेवेसाठी होते, आणि देणाऱ्यांनीही 1897 चे पत्र विसरणेच पसंत केले होते. सत्तेला आपल्यावर टीका करणारी बाई पचवायची असेल तर ती तिला देवीच्या मखरात बसवते. आपल्या चरित्रकारांनी तेच केले.

प्रश्न जुना आहे, पण संपलेला नाही. 2020 च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा आपल्या राज्यात जो कायदा बाहेर काढला गेला तो हाच, 1897 चा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले होते. आम्ही ते मानले, आणि मानायलाच हवे होते. साथ खरी होती. पण पत्र्यापलीकडे घरकामाला येणाऱ्या बाई बंद दारांकडे बघत उभ्या असत, आणि त्यांच्या रोजीचा जाब कोणाला विचारायचा हे आम्हांला कोणालाच कळत नव्हते. मीही कोणाला पत्र लिहिले नाही. त्या दिवसांत मी रमाबाईंचा पत्रव्यवहार पुन्हा काढून वाचला. तो असा वाचायचा नसतो हे वाचताना जाणवत होते.

आणि त्याच 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला 93 वे साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. पण वसईतल्या माणसांना ते आठवतात ते मुख्यतः हरित वसईच्या चळवळीतले. वसईची वाडी, विहिरी, भातखाचरे बिल्डरांच्या आणि सरकारी आराखड्यांच्या घशात जाऊ लागली तेव्हा हा धर्मगुरू झगा सांभाळत रस्त्यावर उतरला. दहशतीला न जुमानता उतरला, आणि त्याच्यामागे ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही शेतकरी उभे राहिले. त्यांची अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा काहींनी हरकत घेतली, ती त्यांच्या लेखनाला नव्हती. धर्मगुरू असण्याला होती. व्याह्यांचा तो 'म्हणजे' एकविसाव्या शतकातही शाबूत असल्याचे तेव्हा कळले. दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. त्यांचे गद्य रमाबाईंच्या गद्याहून मऊ आहे, कधी कधी उपदेशाकडे झुकते. बाईंच्या पत्रांतली धार त्यात क्वचितच येते. पण झाड आणि विहीर वाचवणे हे आपल्या प्रार्थनेचेच काम आहे ही त्यांची समजूत मात्र थेट केडगावच्या वंशातली आहे.

रमाबाईंनी अखेरची वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ ग्रंथांवरून, एकटीने. जड संस्कृत शब्द टाळून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. आणि त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी केली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, आणि ते बायबल 1924 साली पुरे छापून निघाले. ज्या बाईंना वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतासाठी 'सरस्वती' म्हटले, त्यांनी शेवटी संस्कृताचा आधार सोडावा, याचा अर्थ मला त्यांच्या 1897 च्या पत्राशी जुळणारा वाटतो. देव आणि दुष्काळातली मुलगी यांच्यामध्ये भाषेचाही मध्यस्थ त्यांना नको होता.

या दिवाळीलाही आमचे व्याही येणार आहेत. त्यांना हा अंक देईनच. पण नुसत्या माझ्या लेखाने त्यांचे समाधान होणार नाही, ते मूळ कागद मागतील, आणि मागावाच. तो दाखवायला माझ्याजवळ मराठीत काही नाही. एखाद्या प्रकाशकाने रमाबाईंच्या निवडक पत्रांचे चांगले मराठी पुस्तक काढावे. त्यात बिशपांना दिलेली उत्तरे असावीत, आणि मे 1897 चे ते पत्र असावे. डाव्या पानावर बाईंचे पत्र आणि उजव्या पानावर गव्हर्नरसाहेबांचा इन्कार.